ड्राय बाल्कनीत कपाट करायचंय? आधी पाणी कुठून येतं ते बघा

स्वयंपाकघराला लागून असलेली चार-सहा फुटांची ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीन तिथेच, भांडी घासायचं सिंक तिथेच. गॅस गिझर, वाळत घातलेले कपडे, झाडू-पोछा, कांदे-बटाट्यांची टोपली, रद्दी आणि दिवाळीनंतर बांधून ठेवलेला आकाशकंदील, सगळं त्याच जागेत. पण फ्लॅटचं इंटिरियर करताना हॉल आणि बेडरूमवर आठवडेच्या आठवडे चर्चा होते आणि हिची पाळी अगदी शेवटी येते. ‘उरलेल्या प्लायमध्ये तिकडे एक कपाट काढून देतो,’ असं सुतार म्हणतो आणि आपणही बरं म्हणतो. घरातल्या सगळ्यांत ओल्या जागेला सगळ्यांत हलकं सामान मिळतं ते असं.

या जागेचं कपाट ठरवताना रंग, डिझाइन, हँडल हे सगळं नंतर. आधी बघायचं की इथे पाणी कुठून कुठून येतं आणि कुठवर पोचतं. ते कळलं की प्लाय घ्यायचा की दगड, दार लावायचं की फळी उघडी ठेवायची, हे बरंचसं आपोआप ठरतं.

पाणी येतं तीन वाटांनी. पहिली वाट जमिनीवरून. मशीनचा पाइप निसटतो, नहाणी ट्रॅप तुंबतो, शिवाय रोज बादलीभर पाणी ओतून फरशी धुतली जाते. हे पाणी फार तर तीन-चार इंच चढतं, पण रोज येतं. दुसरी वाट समोरून: सिंकचे शिंतोडे आणि जाळीतून येणारी पावसाची झड. तिसरी हवेतून, आणि ती दिसत नाही म्हणून तिचा विचारच होत नाही. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. त्यात कपडे तिथेच वाळत असतात. सात किलो कपडे मशीनमधून चांगले पिळून निघाले तरी त्यांत साधारण तीन-साडेतीन लिटर पाणी उरलेलं असतं आणि ते सगळं त्याच हवेत उडतं. बंद कपाटातली हवा हलत नाही, म्हणून ओल तिथे जाऊन बसते.

गाव कुठलं यानेही फरक पडतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर, पुणे शहरात सात-आठशे. समुद्राजवळ खारी हवा लोखंडी बिजागरी खाते ते वेगळंच. पुण्याच्या नातेवाइकांकडे साध्या प्लायचं कपाट आठ-दहा वर्षं टिकलं, म्हणून तेच अलिबागला किंवा वसईला टिकेल असं धरून चालू नका.

प्लायवरच्या शिक्क्यांचा अर्थ

दुकानात ‘वॉटरप्रूफ प्लाय’ मागितला की तीन-चार निरनिराळ्या वस्तू समोर येतात. प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे आडवे-उभे एकावर एक चिकटवून दाबलेली पाटी. पाण्यात ती टिकणार की नाही हे मुख्यतः मधल्या गोंदावर ठरतं. स्वस्त प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. पाणी आणि ऊब मिळत राहिली की त्याचं रासायनिक बंधनच हळूहळू तुटतं आणि पापुद्रे सुटतात. हा एमआर ग्रेडचा प्लाय, बाजारात ‘कमर्शियल’ म्हणून मिळणारा. हवेतली थोडीफार ओल सहन करणारा, एवढाच त्या एमआरचा अर्थ. बेडरूमच्या कपाटाला तो ठीक आहे, इथे नाही. फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद मात्र एकदा पक्का झाला की पाण्याने सुटत नाही. तो वापरला की प्लाय होतो बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, आणि त्याहून वरचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा. बीडब्ल्यूपी म्हणजेच मरीन प्लाय. त्याचं भारतीय मानक आयएस ७१०. त्याच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळतात आणि मग पापुद्र्यांची पकड तपासतात.

आता यातली मेख बघा. उकळूनही सुटत नाही तो गोंद. लाकूड मात्र लाकूडच राहतं. मरीन प्लायच्या लाकडाला बुरशी-वाळवीविरुद्ध औषध दिलेलं असतं, तरी त्याची कापलेली उघडी कड रोज पाण्यात उभी राहिली तर ती पाणी ओढते, फुगते, काळी पडते. ‘वॉटरप्रूफ आहे साहेब, बिनधास्त राहा’ हे म्हणून अर्धंच खरं. चांगला प्लाय तुम्हाला वेळ मिळवून देतो. पाण्यापासून तो दूर ठेवण्याचं काम उरतंच.

दुकानात पाटीची कड डोळ्यांजवळ नेऊन बघा. पापुद्र्यांमधल्या गोंदाच्या रेषा गडद तपकिरी दिसल्या तर गोंद फिनॉलचा असण्याची शक्यता जास्त. लाकडाच्याच रंगाच्या फिकट रेषा असतील तर बहुधा युरिया. रंग मिसळूनही फसवतात, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नका. पापुद्र्यांमध्ये फटी आणि पोकळ्या दिसतात का, तेही बघा. पोकळी आली की तिथे स्क्रू धरत नाही आणि पाणी साठतं. पाटीवर आयएसआयची खूण, मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असायला हवा. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आहे आणि चालू आहे का, हे तिथल्या तिथे कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, दुकानदारासमोर करायला अजिबात संकोच नको. तरीही शंका राहिली तर एक तुकडा मागून आणा आणि घरी दोन-तीन तास उकळा. ७२ तासांच्या चाचणीची सर त्याला येणार नाही, पण अगदी हलका माल तेवढ्यातही तोंड उघडतो.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड या जागेत नकोच. भुसा आणि तंतू दाबून केलेले हे बोर्ड एकदा भिजून फुगले की वाळल्यावर पूर्ववत होत नाहीत. एचडीएचएमआर हाही दाबून केलेलाच बोर्ड, पण त्यांच्यापेक्षा बराच घट्ट आणि ओल सोसणारा असतो, त्याचे पल्ले छान सरळ राहतात. भिंतीवरच्या कपाटांना मी तो आनंदाने सुचवेन, जमिनीलगत नाही. पीव्हीसी आणि डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेले) बोर्ड पाणी पीत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही, म्हणून हल्ली सरसकट तेच सुचवले जातात. पण त्यांत स्क्रूची पकड प्लायइतकी नसते, रोज उघडणाऱ्या दाराची बिजागरी ढिली होत राहते. लांब फळी वजनाने मध्ये वाकते आणि पश्चिमेचं कडक ऊन थेट लागलं तर पल्लाही वाकू शकतो. सिंकखालच्या लहान पल्ल्यांना हे बोर्ड उत्तम. पाच फुटी उंच कपाट मात्र त्यांचं करू नये.

खालचे दोन फूट दगडाचे

माझं मत विचाराल तर ड्राय बाल्कनीत फरशीपासून पहिल्या दोन फुटांत लाकूडच असू नये. कडप्प्याच्या उभ्या पाट्या, मधली फळी कडप्प्याची, वर ग्रॅनाइट आणि समोर ॲल्युमिनियमच्या चौकटीचे पल्ले. आपल्या आई-आजीच्या ओट्याखाली हेच असायचं आणि अजूनही जुन्या घरांत ते जागच्या जागी उभं आहे. दगड फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि बादलीभर पाणी ओतून तो धुता येतो. मॉड्युलरवाले सहसा हा पर्याय पुढे करत नाहीत, कारण त्यांचं काम कारखान्यातून तयार खोके आणून जोडायचं. तुम्ही स्वतःहून मागायला हवा. गवंडी आणि फरशीवाला घरात आहेत तोवरच हे काम उरकून घ्यावं.

कडप्प्याचे दोष दोन. एकदा बसवला की खणांची मापं बदलत नाहीत, त्यामुळे मशीन कुठलं घ्यायचं ते आधी ठरलेलं हवं. आणि तो चुनखडीचा दगड आहे, म्हणून ॲसिड त्याला खातं. टॉयलेट क्लीनरची बाटली त्यावर गळली की पांढरट डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. बाटल्यांखाली प्लास्टिकचा ट्रे ठेवला की काम झालं.

खाली प्लायच करायचा असेल तर कपाट पायांवर उभं करा. चार इंची पीव्हीसीचे पाय फिरवून खाली-वर करता येतात, त्यामुळे उतार असलेल्या फरशीवरही कपाट समतल बसतं. खालून झाडू फिरतो, पाणी वाहून जातं. समोरची पट्टी क्लिपने काढता-घालता येईल अशी पीव्हीसीची किंवा ॲल्युमिनियमची घ्या. सनमायका दोन्ही बाजूंनी हवा. एकाच बाजूने लावला तर दुसरी बाजू हवेतली ओल घेते-सोडते आणि पल्ला धनुष्यासारखा वाकतो. कडांना पीव्हीसीची पट्टी, म्हणजे एज बँड, शक्यतो मशीनने लावलेली असावी. या सगळ्यांत दुर्लक्षित राहतात त्या न दिसणाऱ्या कडा: पल्ल्याची खालची कड, पाठीमागची कड आणि सिंकच्या पाइपसाठी पाडलेलं भोक. कारागीर पुढची कड चकाचक करतो, पण पाणी शिरतं ते या ठिकाणांहून. भोकाच्या आतल्या कडेला आधी सीलर, मग पाइपभोवती सिलिकॉन, हे कामात आधीच बोलून घ्या.

काम सुरू होण्याआधी एक बादली पाणी फरशीवर ओतून बघा. ते नहाणी ट्रॅपकडे लगेच जातं की कुठे साचून राहतं? जिथे साचतं तिथे खडूने खूण करा. उतार चुकला असेल तर तो आत्ताच दुरुस्त होईल, कपाट बसल्यावर नाही. ट्रॅपवर किंवा डक्टच्या झाकणावर कपाट कधीही येऊ देऊ नका. आणि फरशीत ड्रिल मारू देऊ नका, कारण खालचं वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते आणि पुढचं सगळं सोसायटीच्या मीटिंगपर्यंत जातं.

मशीनची मापं

फ्रंट लोड मशीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ सेंटिमीटर उंच असतं. खोली मॉडेलप्रमाणे ४५ ते ६५. आपल्याकडे ओटा ३२ ते ३४ इंच उंच करायची पद्धत आहे. ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर. त्यातून दगडाची आणि खालच्या आधाराची जाडी वजा केली की मशीन आत जातच नाही. मशीन ओट्याखाली घ्यायचं असेल तर दगडाच्या खालून फरशीपर्यंत मोकळे ८७-८८ सेंटिमीटर धरा, म्हणजे ओटा ३६ इंचांच्या आसपास जाईल. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर आणि मागे पाइपसाठी दहा सेंटिमीटर मोकळे सोडा. फ्रंट लोड साठ-सत्तर किलोचं असतं, कारण ते हलू नये म्हणून आत काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात. तरी पिळताना ते थरथरतंच. कपाटाला ते टेकलेलं असेल तर ती थरथर प्रत्येक बिजागरीपर्यंत पोचते. उंचावर ठेवायचं तर खाली दगडाचा किंवा विटांचा चौथरा करा, लाकडी खोका नको.

टॉप लोडचं गणित वेगळं. झाकण उघडल्यावर बहुतेक मशीन १३० ते १४५ सेंटिमीटरपर्यंत जातात. म्हणून वरच्या कपाटाचा तळ पाच फुटांच्या खाली येता कामा नये. शोरूममध्ये झाकण उघडून टेप लावून बघा.

मशीनचा नळ आणि प्लगचं बटण मशीनच्या मागे नको, बाजूला हवं, हात सहज पोचेल असं. पाइप फुटला तर धावत जाऊन तो नळ बंद करायचा असतो. गावाला जातानाही तो बंद करायचा असतो. पाणी गरम करणारं मशीन दोन हजार वॉटच्या आसपास वीज घेतं, त्याला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. या जागेच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी डबी, आहे ना, हे इलेक्ट्रिशियनला विचाराच. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून काम करणाऱ्या माणसाचा जीव त्या डबीवर अवलंबून असतो.

गॅसजवळ दार नको

गॅस गिझर दिसायला बरा नाही म्हणून त्याभोवती कपाट करून घेतात. असं कधीही करू नका. जळायला त्याला मोकळी हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग ना वास. ड्राय बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या लावून ती पूर्ण बंद करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी झरोके हवेत. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो, म्हणून तिथे वर झरोके हवेत. मीटर आणि व्हॉल्व्ह दाराआड गेलेच तर ते दार एका हाताने, किल्लीशिवाय उघडायला हवं. खरं तर दारच नको.

कुठे काय ठेवायचं

मळक्या कपड्यांना झाकणाची बंद पेटी घेऊ नका. घामाचे ओलसर कपडे कोंडून राहिले की त्यांत जिवाणू वाढतात. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की धुतलेल्या कपड्यांनाही येणाऱ्या त्या कुबट वासामागे मुख्यतः मोराक्सेला हा जिवाणू असतो. कापडाला तो चिकटून राहतो आणि ओल मिळाली की पुन्हा वाढतो. जाळीची टोपली किंवा पट्ट्यापट्ट्यांचं, हवा खेळणारं दार हा साधा उपाय आहे. एकूणच या जागेत मला अशी लुव्हरची दारं सगळ्यांत पटतात.

झाडू आणि मॉपला पाच फूट उंच, फूटभर रुंद, तळ नसलेला उघडा कोनाडा द्या आणि मॉप डोकं वर करून अडकवा, म्हणजे तो वाळतो. धुण्याची पावडर हवेतली ओल ओढून दगड होते, ती घट्ट झाकणाच्या डब्यात. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकाच खणात शेजारी-शेजारी ठेवू नका. दोन्ही एकत्र सांडले तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे. घरात लहान मूल असेल तर या दोन्ही बाटल्या वरच्या, कडी असलेल्या कपाटात, पण वेगवेगळ्या टोकांना.

भिंतीवरचं कपाट फूटभर खोल पुरे. त्याहून खोल केलं की मागच्या वस्तू वर्षभर दिसत नाहीत. चार फूट रुंद बाल्कनीत एका बाजूला मशीन गेलं की उरतात दोन फूट. समोरच्या बाजूला मग काहीही करू नये, माणसाला वाकायला आणि बादली उचलायला तेवढी जागा लागतेच. आणि उंची ठरवताना जी व्यक्ती रोज तिथे काम करते तिला विचारा. अनेक घरांत त्या मावशी असतात आणि त्यांना कुणीच विचारत नाही. त्यांना उभं करून हात वर करायला सांगा. बोटं जिथे पोचतील त्याच्या चार इंच खाली रोजची फळी. त्याहून वर फक्त आकाशकंदील आणि सुटकेसा.

टांगण्याआधी भिंत कशाची आहे ते विचारा. नव्या इमारतींत सिपोरेक्सचे हलके ठोकळे वापरतात. त्यांत साधा रावळ (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचा प्लग) घालून जड कपाट टांगलं तर ते कालांतराने निसटतं. त्या भिंतीसाठी वेगळे अँकर मिळतात, तेच वापरायला सांगा. छताला टांगायच्या कपड्यांच्या दांड्यांनाही हेच लागू. सात किलोचे कपडे ओले असताना दहा किलोंच्या वर जातात. तो हूक स्लॅबमध्येच हवा, फॉल्स सीलिंगमध्ये नाही.

बिजागऱ्या, स्क्रू आणि टोपल्या स्टेनलेस स्टीलच्या, ३०४ ग्रेडच्या घ्या. सॉफ्ट-क्लोज नसली तरी चालेल, गंजणारी नको.

शेवटी कोटेशन. सुतार दर सांगतो तो स्क्वेअर फुटावर, आणि तो बहुतेकदा समोरून दिसणाऱ्या उंची-रुंदीचा असतो. त्यात आतल्या फळ्या किती, ड्रॉवर धरले आहेत का, पाठीला किती जाडीची पाटी, हे लिहून घ्या. प्लायचा ग्रेड आणि कंपनी, आतल्या सनमायकाची जाडी, बिजागरीचा ग्रेड, पाय, कडांची पट्टी, सगळं कागदावर यावं. ‘चांगल्या क्वालिटीचा माल’ असं मोघम लिहिलेलं कोटेशन परत करा. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक पल्ला उघडून खालच्या कडेवरून बोट फिरवा, सिंकखाली टॉर्च मारून पाइपचं भोक बघा. तिथे उघडं लाकूड हाताला लागलं तर सुताराला त्याच दिवशी, हत्यारं घरात आहेत तोवर, ते बंद करायला लावा.